पाण्यातली अर्धी फटफटी

दौलतजींच्या दारात फटफटी उभी असते आणि दौलतजी उन्हातान्हाचे पायी बाजारात जातात. रोज नाही हं. मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी. त्या वारांना आर्णीच्या रस्त्यावर आग बरसत असो की घोटाभर चिखल असो, हा सत्तरी ओलांडलेला माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, पिशवी घेतो, फटफटीच्या सीटवरून एकदा हात फिरवतो आणि चालू लागतो. सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी हाच माणूस त्याच फटफटीवर बसून अख्खी गल्ली हादरवत जातो.

नवीन माणसाला वाटतं, काही नवस असेल. कोणी म्हणतं, म्हातारा पेट्रोल वाचवतो. आमच्या समोर भाड्याने राहायला आलेल्या बँकेच्या साहेबांनी तर मला विचारलं, "काकू, त्यांना ज्योतिषाने वाहन वर्ज्य सांगितलंय का हो?" मी म्हटलं, "ज्योतिषाची काय बिशाद! अहो, ती फटफटी त्यांची अर्धीच आहे. आजचा वार त्यांचा नाही." साहेबांनी मान डोलावली आणि लगबगीने आत गेले. तेव्हापासून ते माझ्याशीही जरा जपूनच बोलतात.

तर आता नीटच सांगते. दौलतजी म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. गावात त्यांना 'अर्धे दौलतजी' म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात, कारण त्यांना त्याचा मोठा अभिमान. या माणसाने उभ्या जन्मात एकही मोठी वस्तू एकट्याने विकत घेतलेली नाही. जे घ्यायचं ते कोणाशी तरी अर्ध्या-अर्ध्या वाट्यात. कोणी नवीन पंखा घ्यायला निघालेला दिसला की हे रस्त्यात आडवे. "अख्खा घेऊन कायले मरता?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरच्याने पंखा अर्धा कसा घ्यायचा म्हणून विचारलं, की त्यांचा चेहरा खुलायचा. मग त्या माणसाची तासभर सुटका नाही.

फटफटी त्यांनी घेतली ती हबीब मिस्त्रींबरोबर. हबीबभाईंचं बसस्टँडजवळ गॅरेज. शेतातले पंप, फवारणीची मशिनं, दुचाक्या, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे. दौलतजींची कापसाची आणि तुरीची शेती. दोघं ऐन तारुण्यात, आणि फटफटीवाचून दोघांचाही जीव कासावीस. मग वार वाटले. सोमवार महादेवाचा आणि शनिवार मारुतीचा, म्हणून ते दौलतजींचे. शुक्रवार नमाजाचा, म्हणून हबीबभाईंचा. उरलेल्यातला बुधवार इकडे, मंगळवार-गुरुवार तिकडे. रविवार मात्र दोघांचा. रविवारी हबीबभाई पुढे, दौलतजी मागे, आणि ही जोडगोळी नदी, शेतं, कुठली तरी यात्रा असं करत दिवस मावळला की धुळीने माखून परत.

या अर्ध्या वाट्याचे दौलतजींचे कायदे फार कडक. पहिला कायदा असा, की वस्तू ज्याला न्यायची आहे त्याने स्वतः यायचं. पोराला पाठवायचं नाही, गड्याला तर नाहीच नाही. दुसरा कायदा, चहा घेतल्याशिवाय वस्तू उंबऱ्याबाहेर पडणार नाही. आता फटफटीचे वार असे वाटलेले, की जवळजवळ रोज संध्याकाळी एकाने दुसऱ्याच्या दारात जायचं, चहा प्यायचा आणि किल्ली घ्यायची. वर्षानुवर्षं हेच. आणि दौलतजींचा चहा म्हणजे काय सांगू! आलं, मिरे, लवंगा, आणि कुठे तरी तळाशी चहाची पत्ती. कढई आमच्या दोन घरांची मिळून होती, ती मोठी, लग्नकार्यातली. माझे पाहुणे दारात येऊन उभे, आणि मी दौलतजींच्या ओसरीवर तो काढा फुंकत बसलेली. कशासाठी? तर आमच्याच अर्ध्या कढईसाठी! मास्तर, म्हणजे आमचे हे, त्यांना एकदा मी पाठवून पाहिलं, तर ते दोन कप पिऊन, गप्पा छाटून, कढई तिथेच विसरून परत आले.

आणि टीव्ही! रंगीत टीव्ही आमच्या दोन घरांत मिळून घेतलेला. एक आठवडा त्यांच्याकडे, एक आठवडा आमच्याकडे. भिंतीला भिंत असूनही टीव्ही हातगाडीवरून जायचा, कारण दौलतजींच्या मते एवढी मोलाची वस्तू काखोटीला मारून नेणं बरं दिसत नाही. शनिवारी संध्याकाळी गाडी निघायची. टीव्हीवर दौलतजींच्या बायकोची, सुमनताईंची, जरीची साडी पांघरलेली, मागून गल्लीतले झाडून सगळे पोट्टे. दोन दारांत अंतर ते किती, पण वरात चौकापर्यंत वळसा घेऊन यायची. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि मास्तर अँटेना फिरवायला गच्चीवर चढायचे. खालून सगळी गल्ली ओरडायची, "आलं, आलं, गेलं! मास्तर, जरा डावीकडे!"

टीव्ही त्यांच्याकडे असला की आम्ही त्यांच्या घरी, आमच्याकडे असला की ते आमच्या घरी. म्हणजे पाहणारी माणसं तीच, चिवड्याचं पातेलं तेच, फक्त सतरंजी बदलायची. मी एकदा म्हटलंही, "मग हा हलवायचा कायले दर आठवड्याला? राहू द्या ना एकाच घरी." दौलतजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अभद्र बोलले.

एक बकरीही अर्धी होती. सकाळचं दूध त्यांचं, संध्याकाळचं आमचं. दुपारी ती कोणाचीच नव्हती, तेवढ्या वेळात तिने पलीकडच्या बाईंचे वाळत घातलेले पापड फस्त केले. बाई भांडायला आल्या. दौलतजी हात जोडून म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली," आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढचं वहिनी म्हणतीन." मी कपाळाला हात लावला. पण पुढचं मीच म्हटलं, काय करता!

वर्तमानपत्रही फाडून अर्धं. वरची पानं सकाळी त्यांची, आतली आमची, दुपारी अदलाबदल. चोर कोणाच्या घरात शिरला ते दौलतजींना सकाळीच कळायचं आणि पकडला गेला की नाही ते आम्हाला. मग भिंतीवरून दोघांची देवाणघेवाण चालायची आणि माझी पोळी तव्यावर करपायची.

हसायला येतं आता. पण खरं सांगू का, त्या दिवसांत घर कसं भरलेलं असायचं. दाराला कडी घालायची म्हणून कोणाला आठवत नसे.

मग हळूहळू एकेकाच्या घरी सगळं आलं. सुमनताई गेल्या, दौलतजींची लेक वणीला नांदायला गेली, घरात ते एकटे. गल्लीतल्या पोरांनी मोबाईलवर बोट टेकवलं की वस्तू दारात. मास्तरांनीही तेच केलं. ॲल्युमिनियमची घडीची शिडी मागवली आणि जुन्या लाकडी शिडीतला आमचा वाटा मोठ्या मनाने दौलतजींना देऊन टाकला. "घ्या, आता तुमची पूर्ण!" दौलतजी शिडीकडे पाहत राहिले. म्हणाले, "हे बी अख्खी झाली का?" आणि परसात नेऊन आडवी ठेवली. कढई अख्खी झाली. शेवयांचं मशीन अख्खं झालं. ज्याने त्याने नवीन घेतलं आणि जुन्यातला वाटा यांच्या पदरात टाकला. पाहता पाहता त्यांचं घर अख्ख्या वस्तूंनी गच्च भरलं. आणि 'अख्खी झाली' हे ते अशा आवाजात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं कोणाच्या मयतीची खबर सांगताहेत.

राहिली होती ती एकटी फटफटी. आणि मागल्या की त्याच्या मागल्या उन्हाळ्यात हबीबभाई गेले. दुखणं नाही, खुपणं नाही, दुपारी गॅरेजमध्ये बसल्या जागी गेले. दौलतजी मातीला जाऊन आले आणि ओसरीवर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले. तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत. दारातल्या फटफटीकडे पाहून म्हणाले, "वहिनी, फटफटी अख्खी झाली वो."

हबीबभाईंचा मुलगा इरफान, तोच आता गॅरेज चालवतो, पुढच्या आठवड्यात आला आणि सांगून गेला, "काका, आता गाडी पूर्ण तुमचीच. कागद बी तुमच्याच नावावर करून घ्या." दौलतजी हो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, तर पिशवी घेऊन पायी निघाले. रविवारी तर फटफटी काढतच नाहीत. कापड टाकून ठेवतात.

तर असा हा माणूस. यंदा होळी होऊन गेल्यावर एका मंगळवारी भरदुपारी आमच्या दारात आला, घामाने निथळत.

"वहिनी, मास्तर हायेत का?"

"आहेत, झोपले. काय झालं?"

"उठवा त्याइले. एक वस्तू निघाली. पाण्यातली फटफटी."

मला वाटलं, ऊन लागलं. मी आधी माठातलं पाणी दिलं. ते प्यायले आणि मग सगळं सविस्तर बाहेर पडलं. कोणी एकाने दिग्रसकडच्या धरणावर लोकांना पाण्यात फिरवण्याचा धंदा काढला होता. तो काही चालला नाही. पाण्यावर पळणारी ती गाडी, म्हणजे जेट स्की, त्याने इरफानच्या गॅरेजमध्ये आणून टाकली होती, विकून दे म्हणून. भंगाराच्या भावात जात होती. दौलतजींना अर्धी पाहिजे होती आणि अर्धी मास्तरांनी घ्यावी, असा प्रस्ताव होता.

"दौलतजी," मी म्हटलं, "आपल्या अरुणावतीतून या दिवसांत बकरी खूर न भिजवता पलीकडं जाते. कुठं चालवसान? नळाच्या पाण्यात? ते बी एक दिवसाआड येते."

"धरण हाय ना."

"तुमाले पोहता येते?"

"नाई."

"मास्तरांना?"

"त्याइले बी नाई. म्हणजे बरोबरीचे झालो ना दोघं!"

तेवढ्यात मास्तर आतून आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला होता तो पाहूनच मी ओळखलं, गडी गेला हातचा. जन्मभर पोरांना अपूर्णांक शिकवलेला माणूस, पण दौलतजींनी अर्ध्याची गोष्ट काढली की हे पाघळलेच समजा. बाथरूममधलं स्टूल जरा डुगडुगलं तर घर डोक्यावर घेणारे आमचे मास्तर म्हणतात कसे, "मी एकदा टीव्हीवर पाहिलं होतं. नुसतं हँडल धरून बसायचं असते."

"आणि पडलं की?"

"जाकीट असते, अवं."

"जाकीट तुमाले धरून ठेवते, दौलतजीइले कोण धरन?"

माझं ऐकतो कोण! दोघं निघाले. मीही पदर खोचला आणि त्यांच्या मागे गेले, कारण घरातला एक तरी माणूस शुद्धीवर असलेला बरा.

गॅरेजमध्ये ती वस्तू दोन जुन्या टायरांवर ठेवलेली होती. आजूबाजूला फवारणीची मशिनं, उघडे पंप, पाइपांची भेंडोळी, आणि मधोमध ही निळी बया. रंग उडालेला, सीट फाटून आतला फोम बाहेर आलेला. माणसं जमली होती. एकाने विचारलं, "इले शेतात डवरणीले जुंपता येते का?" दुसरा म्हणाला, "चाकं कुठं गेले इचे, इरफान?" इरफान बिचारा हसून हसून सगळ्यांना सांगत होता, "बिना चाकाचीच राह्यते हे."

"बसून पाहा ना, काका," तो दौलतजींना म्हणाला.

दौलतजींनी चपला काढल्या. देवळात शिरताना काढतात तशा, बाजूला नीट लावून. धोतर सावरून चढले आणि मागच्या सीटवर बसले.

"काका, पुढं बसा. हँडल तिकडं हाय."

"नाई रे. मी मांगंच बसतो."

इरफान एकदम वळून पाना शोधायला लागला. मला तेव्हा ते कळलं नाही, मी मास्तरांकडे पाहण्यात गुंतलेली होते. मास्तर पुढे चढले. हँडल धरून ताठ बसले. टायरांवर ठेवलेल्या, पाण्याचा थेंब नसलेल्या त्या वस्तूवर ते दोन म्हातारे असे रुबाबात बसले होते, की मला हसूही येईना आणि रागावताही येईना.

इरफानने नळाचा पाइप कुठेतरी मागे खुपसला आणि मशीन चालू केलं. आई गं! काय तो आवाज! पत्र्यावरची कबुतरं उडाली, बाजूच्या हॉटेलातलं गिऱ्हाईक चहाचा कप घेऊन पळालं, आणि आमचे मास्तर टुणकन खाली. दौलतजी मात्र मागच्या सीटवर तसेच बसून, डोळे मिटून, मान हलवत होते. मशीन बंद झालं तरी थोडा वेळ तसेच बसले होते.

"घ्या तुमी, काका," इरफान म्हणाला. "पार्टनर कायले पायजे? पूर्णच घेऊन टाका ना. भाव तर काहीच नाई."

"पूर्ण?" दौलतजी खाली उतरत म्हणाले. "पूर्ण घेऊन काय करू, बावा?"

निर्णयाची बैठक आमच्या ओसरीवर बसली. मी ठरवलं होतं, की बोलू द्यावं आणि शेवटी एकदाच 'नाही' म्हणावं. मास्तरांनी मुद्दा काढला, की ही काही फटफटी नाही, इथे वार चालणार नाहीत. महिने वाटावे लागतील.

"वाटा ना," दौलतजी म्हणाले. "श्रावणापासून पुसाच्या महिन्यापर्यंत तुमी घ्या. माघापासून आखाडापर्यंत माझ्याकडं."

मास्तरांचे डोळे चमकले. श्रावणात धरण भरतं, दिवाळीत काठोकाठ असतं. माघापासून पाणी आत आत जातं आणि वैशाखात काठाला नुसता गाळ. म्हणजे पाण्याचे सगळे महिने आमचे आणि कोरडे सगळे दौलतजींचे! मास्तर मला डोळ्यांनी खुणावताहेत, की गप्प राहा, सौदा फायद्याचा आहे. पण माझ्या डोक्यात काही ते बसेना. अर्ध्याच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर, की बकरीच्या माफीचीसुद्धा वाटणी करणारा. तो असा वाटा मागून घेतो?

"दौलतजी," मी म्हटलं, "एक सांगा. कोरड्या महिन्यात ते घेऊन तुमी करसान काय?"

"ओसरीत ठेवीन."

"ठेवून?"

"मास्तर पाहाले येतीन ना."

"काय पाहाले?"

"आता असं पाहा वहिनी, अर्धी त्याइची हाय म्हटल्यावर पाहाच लागते. सीट उंदरानं कुरतडली का, झाकण नीट हाय का. येतीन. बसतीन जराशे. चहा घेतीन." ते दुपट्ट्याच्या टोकाची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत होते. "पहिले कशे सगळेच येत. शिडी न्याले येत, कढई न्याले येत. तुमी बी येत होत्या. चहा पाहून तोंड वाकडं करत, पण येत होत्या. हबीब तर रोजच. आता मले सांगा, या गल्लीत कोणाच्या घरी काय नाई? सगळं हाय. चांगलंच हाय ते, नाई म्हणत नाई मी. पण मंग कोणाले माझ्या घरी याची गरजच काय? म्या लय इचार केला, की आता गावात अशी कोणती वस्तू राह्यली जे कोणाच्याच घरी नाई. काहीच सापडत नव्हतं. अन् मंग हे निघाली."

मास्तर खाली पाहत होते. भिंतीला भिंत लागलेली, रात्री यांचं खोकणंही आम्हाला ऐकू येतं, आणि त्यांच्या ओसरीवर मी शेवटची कधी बसले होते ते मला आठवेना. आणि या माणसाने एवढ्यासाठी, आम्ही चहाला यावं एवढ्यासाठी, पोहता येत नसताना पाण्यातली फटफटी शोधून काढली होती!

राग आला की माझी जीभ चालते, आणि रडू आलं की त्याहून जास्त चालते.

"हे पाहा," मी म्हटलं, "ती निळी बया माझ्या घरात येणार नाही. सहा महिने नाही, सहा दिवस नाही. मास्तरांना मी विधवा व्हायसाठी पोसलं नाही. पण तुमाले अर्धीच द्यायची आहे ना? मग तुमच्या दारातली फटफटी द्या अर्धी. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आमचे. न्यायला मास्तर स्वतः येतील. चहा पितील. दोन कप पितील, मी सांगते ना."

दौलतजींचा चेहरा आधी उजळला. मग हळूच विझला. दुपट्ट्याची गाठ आवळत म्हणाले, "ते नाई जमत, वहिनी."

"काहून?"

"ते वार हबीबचे हायेत."

मला वाटलं, जीभ चावावी. मास्तर माझ्याकडे रागाने पाहायला लागले. पण दौलतजी मनात काही तरी जुळवत होते, ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

"रविवार देता येते," ते म्हणाले. "तो एकट्या हबीबचा नव्हता. माझ्या एकट्याचा बी नव्हता. पण त्याची एक अट हाय, मास्तर. रविवारी दोघाइनं बसाचं. तुमी पुढं. मी मांगं."

"मले गिअरची गाडी चालवून कैक वर्षं झाली, दौलतजी," मास्तर म्हणाले.

"हबीबले तरी पहिल्या दिवशी कुठं येत होती! दोघं बी नालीत गेलतो."

जेट स्की शेवटी महागावकडच्या एका पोराने नेली. तो ती शेततळ्यात चालवतो म्हणे. शेततळं ते केवढं, चालू केली की लगेच बंद करावी लागत असेल. पण हौस आहे त्याची.

पुढच्या रविवारी मास्तर सकाळीच अंघोळ करून शेजारी गेले. भिंतीतून मला कपबशांचा आवाज येत होता आणि मास्तरांचं ठसकणंही. मग फटफटी सुरू झाली, बंद पडली, सुरू झाली, बंद पडली. मी दारात येऊन उभी. समोरचे बँकेचे साहेबही गॅलरीत आले. मास्तर पुढे, कपाळावर घाम, हँडल दोन्ही मुठींत आवळलेलं. मागे दौलतजी, स्वच्छ धुतलेलं धोतर, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून, ऐटीत गल्लीकडे पाहत. एक जोरात झटका बसला आणि गाडी निघाली. चौकात कुत्री भुंकली, तेवढ्यावरून कळलं की चौक ओलांडला.

दुपार झाली, दोन वेळा मी भाजी गरम केली. जीव नुसता दाराकडे लागलेला. आणि मग लांबून ती फटफट ऐकू आली. गाडी थांबायच्या आधीच दौलतजींचा आवाज आला, गल्लीभर ऐकू जाईल असा, घरात पोर जन्मलं की बाप ओरडतो तसा.

"वहिनी! अवो वहिनी! फटफटी अर्धी झाली वो!"

डोळे पुसत मी आतून ओरडले, "मग पेढे कुठं हायेत?"

"आणले ना!" ते दारात येऊन उभे राहिले. केस धुळीने पांढऱ्याचे मातकट झालेले, हातात दोन पुड्या. "अर्धा किलो घेतले. हे पावभर तुमचे. हे पावभर इरफानच्या घरचे, जाता जाता देतो."

"अन् तुमचे?"

"माझे कायले पायजे वेगळे?" दौलतजी चपला काढत म्हणाले. "मी दोन्हीकडं चहाले येईन, अन् तिथंच खाईन."